विक्रांतवर स्कायहॉक उतरलं असतं का?

बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये मी वर्षातून तीन-चारदा तरी जातोच, वास्कोतल्या आमच्या घरापासून स्कूटरने फार लांब नाही, आणि कोणी पाहुणे आले की बीचवर न्यायच्या आधी मी त्यांना तिथे नेतो. या मे महिन्यात भाचा आला होता सुट्टीला, आठवीत गेलाय आता. बाहेर मोकळ्यावर उभी असलेली विमानं बघत बघत आम्ही सी हॉकपाशी, म्हणजे जुन्या विक्रांतवरून उडणाऱ्या जेटपाशी आलो आणि तो खाली वाकून पंखाची बिजागरी बघायला लागला, जिथून पंख वर दुमडतो ती. मग विचारलं, "मामा, हे फक्त आपल्याकडेच होतं?"

म्हटलं नाही रे, मूळचं ब्रिटिश, हॉकर कंपनीचं, ब्रिटिश नेव्ही, डच नेव्ही, पश्चिम जर्मनीची नेव्ही आणि आपली, एवढ्या चौघांनी उडवलं, आणि जर्मनांची वापरून झालेली २८ नंतर आपणच घेतली. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, जो मला स्वतःला गेली कित्येक वर्षं पडतोय: "मग आपण याच्या जागी दुसरं कुठलं घेतलं असतं तर?"

त्याला तिथे उन्हात उभं राहून जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

मी प्लॅस्टिकची स्केल मॉडेल बनवतो, १/७२ मापाची. या छंदात एक वेगळी शाखा आहे जिला सगळे 'व्हॉट-इफ' म्हणतात. म्हणजे खोक्यात किट निघतं अमेरिकन नाहीतर स्वीडिश विमानाचं, पण तुम्ही त्याला रंग आणि चिन्हं लावता अशा देशाची ज्याने ते विमान कधी उडवलंच नाही. पंखावर आपलं केशरी-पांढरं-हिरवं गोल चिन्ह, शेपटीवर तिरंग्याची पट्टी, आणि झालं ते भारताचं. बघणाऱ्याला वाटतं पोरखेळ आहे, मनाला येईल ते रंगवायचं. पण जे हे मनापासून करतात त्यांच्यात एक अलिखित नियम असतो की बाबा रे कारण सांग. कुठल्या साली घेतलं, कोणाकडून घेतलं, पैसे कुठून आणले, कुठल्या तळावर ठेवलं, कुठलं जुनं विमान जाऊन हे आलं. हे सांगता आलं तर ते मॉडेल बघायला मजा. आणि ते कारण शोधायला बसलं की कळतं, एखादा देश विमान विकत घेतो म्हणजे नेमकं काय काय विकत घेतो. पेपरातल्या बातम्या वाचून मला ते कधी इतकं कळलं नव्हतं.

आधी अटॅक जेट म्हणजे काय ते पटकन सांगतो. फायटरचं मुख्य काम दुसरं विमान पाडणं, अटॅक विमानाचं काम जमिनीवरचं नाहीतर समुद्रावरचं टार्गेट फोडणं, म्हणजे पूल, रणगाडे, धावपट्टी, जहाज. त्यामुळे ते बऱ्याचदा खालून उडतं आणि बॉम्ब भरपूर उचलतं. आपलं जॅग्वार, रशियाचं सुखोई-२५, अमेरिकेची ए-४ स्कायहॉक, ए-७ कोर्सेअर आणि ए-१०, ही सगळी याच जातीतली. आता एकच विमान दोन्ही कामं करतं म्हणून ही जात कमी होत चाललीय.

सुरुवात इंजिनापासून करू, कारण बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं.

१९७० च्या दशकात आपल्या एअर फोर्सला शत्रूच्या हद्दीत खोल शिरून मारा करणारं विमान हवं होतं, कारण कॅनबेरा आणि हंटर जुनी झाली होती. शर्यतीत मुख्य नावं तीन, ब्रिटन-फ्रान्सचं जॅग्वार, फ्रान्सचं मिराज एफ-१ आणि स्वीडनचं व्हिगन. व्हिगन हे फार वेगळं विमान होतं, पुढे छोटे पंख आणि मागे मोठा त्रिकोणी पंख, जेमतेम पाचशे मीटरच्या रस्त्यावर उतरायचं आणि चाकं टेकली की इंजिनाचा झोत उलटा पुढे फिरवून थांबायचं. स्वीडनचा हिशेब असा की युद्ध लागलं तर विमानतळ पहिल्या दिवशीच जातील, मग जंगलातल्या हायवेवरून उडायचं. आता हेच विमान पंजाबातल्या एखाद्या सरळ रस्त्यावर, बाजूला उसाचं शेत, झाडाखाली इंधनाचा टँकर, असं डोळ्यासमोर आणा. मला तर आजही ते चित्र काढावंसं वाटतं.

पण व्हिगनचं इंजिन स्वीडनच्या व्होल्वोने बनवलेलं असलं तरी त्याचं मूळ अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीचं, जेटी-८डी. तेच जे बोइंग ७२७ ला आणि जुन्या ७३७-२०० ला असायचं. म्हणजे एकेकाळी इंडियन एअरलाइन्सची जी ७३७ आपल्या डोक्यावरून जायची तिच्या इंजिनाचं हे सख्खं भावंड. प्रवासी विमानात बसून ते भारतात रोज यायचं त्याला कोणाची हरकत नव्हती, पण त्याच घराण्यातलं इंजिन अटॅक विमानात बसलं की अमेरिकेची परवानगी लागणार, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने ती दिली नाही. विषय तिथेच संपला. व्हिगन आपल्याला परवडलं असतं का, आपल्या पायलटना आवडलं असतं का, हे प्रश्न विचारायची वेळच आली नाही. विकणारा एक, घेणारा दुसरा आणि नाही म्हणणारा तिसराच.

जॅग्वारचं अडूर इंजिन रोल्स-रॉइस आणि फ्रान्सच्या टर्बोमेकाचं, तिथे अमेरिकेला बोट घालायला जागा नव्हती. १९७९ मध्ये पहिली जॅग्वार अंबाल्याला उतरली, पुढे एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, बंगळुरूला बनवली, नाव ठेवलं शमशेर. ब्रिटन, फ्रान्स, ओमान, इक्वेडोर, नायजेरिया आणि आपण, एवढ्यांनी जॅग्वार उडवली आणि आज फक्त आपण उरलोय.

म्हणून कोणी भारतीय व्हिगनचं मॉडेल दाखवलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की अमेरिकेचं काय केलंस? आणि याला चांगलं उत्तर आहे बरं का. व्हिगनसाठी स्वीडनच्या मनात आधी रोल्स-रॉइसचं मेडवे नावाचं इंजिन होतं, पण ब्रिटनमध्ये ते इंजिनच बारगळलं आणि मग जेटी-८डी आलं. मेडवे टिकलं असतं तर व्हिगनच्या पोटात ब्रिटिश इंजिन असतं आणि १९७८ मध्ये वॉशिंग्टनला फोन करायची गरज पडली नसती. एवढा एकच धागा ओढायचा, बाकी सगळं खरं ठेवायचं. चांगल्या कल्पनेची खूण मला ही वाटते, की बदल एकच आणि तोही खूप मागे कुठेतरी, जिथे खरंच दोन वाटा फुटत होत्या.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर २०२० चं घ्या. अर्जेंटिनाला दक्षिण कोरियाचं एफए-५० हे हलकं अटॅक विमान हवं होतं, कोरिया विकायला तयार, पण त्या विमानात ब्रिटनचे सहा पार्ट, आणि १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून दोघांचं युद्ध झालं तेव्हापासून ब्रिटन अर्जेंटिनाला शस्त्रं मिळू देत नाही. सहा पार्टवरून सगळा सौदा गेला. आपल्या तेजसमध्येही इजेक्शन सीट ब्रिटिश मार्टिन-बेकरची आहे, तेव्हा तेजसला अर्जेंटिनाचे रंग देणाऱ्याने आधी ती सीट बदलायची.

आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न, जो या लेखाच्या वर लिहिलाय. आपल्या जुन्या विक्रांतवर सी हॉकऐवजी स्कायहॉक असतं तर?

ही कल्पना हवेतली नाही. विक्रांत म्हणजे मूळची ब्रिटनची हर्क्युलस, दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली मॅजेस्टिक क्लासची छोटी विमानवाहू, अर्धवट पडून होती ती आपण १९५७ मध्ये घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये आपल्या नेव्हीत आली. याच क्लासची दुसरी बोट ऑस्ट्रेलियाकडे होती, मेलबर्न, आणि मेलबर्नवरून ऑस्ट्रेलियाने स्कायहॉक उडवली. अर्जेंटिनाची व्हेंतिसिंको दे मायो आणि ब्राझीलची मिनास जेराइस याही जवळपास याच मापाच्या, त्यांच्यावरूनही स्कायहॉक उडाली. म्हणजे डेक पुरतो हे तीन देशांनी सिद्ध केलेलं आहे.

आणि विमान तर असल्या छोट्या बोटीसाठीच जन्माला आल्यासारखं. स्कायहॉकच्या पंखांचा पसारा साडेआठ मीटरपेक्षा कमी, माझ्या मापात साडेअकरा सेंटिमीटर, टेबलावर सी हॉकशेजारी ठेवलं तर लहान भाऊ वाटतं. सी हॉकचा पसारा जवळपास बारा मीटर, म्हणून त्याला ती बिजागरी जी भाचा बघत होता, पंख दुमडल्याशिवाय ते खाली हँगरमध्ये नेणं अवघड. स्कायहॉकचे पंख दुमडतच नाहीत कारण गरजच नाही, एक सांधा कमी, म्हणजे तेवढं वजन कमी. आणि एवढंसं असून ते साडेतीन टनांहून जास्त बॉम्ब घेऊन जाऊ शकायचं, सी हॉक त्याच्या जवळपासही नव्हतं.

मग घेतलं का नाही? खरेदीचं कपाट केव्हा उघडं होतं ते बघावं लागतं. १९६२ च्या चीन युद्धात अमेरिकेने आपल्याला मदत केली होती, त्यांची मालवाहू विमानं इथे आली होती, तेव्हा १९६३-६४ मध्ये मागितली असती तर मिळाली असती असं आपण धरून चालू. पण १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं आणि अमेरिकेने दोघांनाही शस्त्रं देणं थांबवलं. म्हणजे मधल्या त्या अडीच-तीन वर्षांत विमानं घेतली असती तरी सप्टेंबर १९६५ नंतर स्पेअर बंद! टायर, हुक, इंजिनाची पाती, सगळं बंद. पाकिस्तानला हाच चटका बसला, त्यांनी पश्चिम जर्मनीची ९० सेबर लढाऊ विमानं इराणमार्गे मिळवून वेळ भागवली. आपण काय केलं असतं? चार विमानं उभी करून त्यांच्या पार्टवर आठ उडवली असती, आणि १९७१ पर्यंत ती आठ पाच झाली असती. हा आकडा माझा अंदाज आहे पण ही गत जगात खूप एअर फोर्सची झालीय.

आणि १९७१ वरच सगळं येऊन थांबतं. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, त्यामुळे बोट पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. आता बोटीच्या वेगाचा विमानाशी काय संबंध? पतंग उडवताना वारा पडलेला असेल तर आपण दोरा धरून वाऱ्याच्या तोंडावर पळतो ना, तसंच आहे हे. बोट वाऱ्याकडे तोंड करते, जोरात धावते, म्हणजे डेकवर उभ्या विमानाला चाकं न हलताच समोरून वारा मिळायला लागतो, वरून कॅटापल्टचा, म्हणजे डेकवरून विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राचा झटका, आणि दोन्ही मिळून विमान उडायला लागणारा वेग भरतो. बोट हळू असेल आणि वाराही पडलेला असेल तर ती बेरीज पुरी होत नाही. मग एकच उपाय, वजन कमी करा, म्हणजे बॉम्ब उतरवा नाहीतर इंधन. आणि पूर्ण भरलेलं स्कायहॉक अकरा टनांच्या घरात, सी हॉक साडेसात टनांच्या आत.

हे नुसतं पुस्तकी नाही. २ मे १९८२, फॉकलंडचं युद्ध, अर्जेंटिनाची व्हेंतिसिंको दे मायो ब्रिटिश ताफ्यावर पहाटे हल्ला करणार होती, डेकवर स्कायहॉक बॉम्ब लावून तयार. आणि वारा पडला. दक्षिण अटलांटिकमध्ये, जिथे वाऱ्याला कधी तोटा नसतो तिथे, नेमका त्या पहाटे वारा नव्हता, आणि म्हातारी बोट जितकी पळू शकत होती त्या वेगात भरलेली विमानं उडणं शक्य नव्हतं. हल्ला रद्द झाला. नंतर त्याच दिवशी त्यांची बेल्ग्रानो ही क्रूझर ब्रिटिश पाणबुडीने बुडवली आणि व्हेंतिसिंको दे मायो किनाऱ्याकडे परत गेली ती पुढे आलीच नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर विक्रांत आली, तोच आकार, तेच स्कायहॉक, आणि वर तडकलेला बॉयलर. खऱ्या इतिहासात ४ डिसेंबर १९७१ ला आपल्या सी हॉकनी विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, पुढे दिवसेंदिवस करत राहिले. ते विमान तेव्हाही जुनंच होतं, आवाजापेक्षा हळू, बॉम्बही थोडेच उचलणारं. पण ते त्या बोटीला पेलवत होतं. स्कायहॉक लावून बघितलं तेव्हा मला सी हॉकची किंमत कळली, तोवर मी त्याच्याकडे नुसतं म्युझियममधलं जुनं विमान म्हणूनच बघत होतो.

विमानाचं वजन आणि हवा यावरून शेजारच्या काकांचं सांगतो. ते नेव्हीतून रिटायर्ड, सी हॅरिअरच्या ग्राउंड क्रूमध्ये होते. १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली सी हॅरिअर दाबोळीला उतरली तेव्हापासून ते विमान त्यांनी हाताळलंय. ते म्हणतात, "कंपनीच्या कागदावर विमान जेवढं उचलतं तेवढं इथे उचलत नाही रे." गरम हवा पातळ असते, इंजिनाला तेवढी ताकद मिळत नाही, आणि हॅरिअर तर स्वतःच्या इंजिनाच्या झोतावर तरंगत सरळ खाली उतरणारं विमान. मे महिन्यातल्या दुपारी गोव्यात ते उतरवायचं म्हणजे इंजिनात पाणी सोडायचे, शुद्ध केलेलं पाणी, टाकी साधारण २२५ लिटरची, आणि ती दीडेक मिनिटात संपते. म्हणजे हवेत लटकलेल्या पायलटकडे दीड मिनिट. आता कोणी सौदी नाहीतर राजस्थानच्या वाळवंटातलं हॅरिअर बनवून दाखवलं की काका आधी विचारतात पाणी कुठून आणणार.

काकांच्या मनात एक सल आहे. सी हॅरिअर जगात फक्त दोघांकडे, ब्रिटन आणि आपण. ब्रिटनने २००६ मध्ये त्यांची शेवटची एफए-२ जातीची विमानं काढली, ती आपल्याला मिळण्याची बोलणी झाली, पण त्यातलं ब्लू व्हिक्सन रडार काढून. रडार हाच तर त्या विमानाचा जीव. आपण नको म्हटलं, आपल्याच जुन्या विमानांत इस्रायलचं रडार बसवलं, आणि ती ११ मे २०१६ पर्यंत इथल्याच हंसा या नेव्हीच्या तळावर उडत राहिली. काकांनी त्या दिवशी गच्चीवरून शेवटची विमानं बघितली, मी बाजूला होतो, आवाज गेल्यावरही बराच वेळ ते खाली उतरले नाहीत.

आता थोडं पोर्तुगालचं, कारण गोव्यात बसून लष्करी विमानांवर लिहायचं आणि पोर्तुगाल टाळायचं असं होत नाही. बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की १९६१ मध्ये पोर्तुगालने दाबोळीवर जेट आणून ठेवली असती तर. त्यांच्याकडे त्या वेळी एफ-८४ आणि एफ-८६ सेबर होती, गोव्यात मात्र एकही लढाऊ विमान नव्हतं. १८ डिसेंबरला आपल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले तेव्हा तिथे दोन प्रवासी विमानं होती आणि तीही रात्री तुटक्या धावपट्टीवरून उडून कराचीला गेली. सेबर आणणं अंतरामुळे अवघड होतंच, पण त्याहून मोठी अडचण त्या विमानांसोबत आलेली अट. ती अमेरिकेने दिली होती नाटोसाठी, युरोपच्या बचावासाठी. याच काळात पोर्तुगालने काही सेबर आफ्रिकेत गिनीला नेली, अमेरिकेने तगादा लावला, आणि १९६४ मध्ये ती परत आणावी लागली.

मग त्यांनी १९६६ मध्ये पश्चिम जर्मनीकडून ४० फियाट जी-९१ घेतली, इटलीचं छोटं अटॅक विमान. ती विमानं मुळात ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी बांधलेली, त्या दोघांनी घेतली नाहीत म्हणून जर्मनीला गेली, जर्मनीकडून पोर्तुगालला आणि तिथून गिनी, मोझांबिक, अंगोलाच्या जंगलावर. म्हणजे भूमध्य समुद्रासाठी बनलेलं विमान शेवटी आफ्रिकेत लढलं. पोर्तुगालचं म्हणणं काय, तर हे आमचे परदेशातले प्रांत, वसाहती नाहीत, म्हणून इथे वापरणं म्हणजे पोर्तुगालमध्येच वापरणं. हेच शब्द ते गोव्याबद्दलही बोलायचे, इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतात. विमानाच्या कागदावरची अट आणि आपल्या घराच्या नकाशावरचा रंग या दोन गोष्टी एकाच वाक्यावर उभ्या होत्या, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

कधी कधी खऱ्या जगात असं होतं की आपण कल्पनेत लिहिलं तर लोक पटणार नाही म्हणतील. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची सात सुखोई-२५ पळून इराणला गेली, ज्या इराणशी इराक आठ वर्षं लढला होता. इराणने ठेवून घेतली, स्वतःचे रंग दिले, आणि २०१४ मध्ये त्यातली काही इसिसशी लढायला परत इराकला पाठवली. किंवा थायलंडचं हॅरिअर. ब्रिटनने बनवलं, अमेरिकेमार्फत स्पेनला गेलं कारण हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनला सरळ विकणं ब्रिटनच्या राजकारणात बसत नव्हतं, आणि स्पेनने वापरून झाल्यावर ते थायलंडने आपल्या नव्या छोट्या विमानवाहूसाठी घेतलं.

याउलट ए-१०. सात नळ्यांची तोफ, पायलटभोवती टायटॅनियमची टबसारखी पेटी, सातशेच्या वर विमानं बांधली आणि दुसऱ्या कुठल्या देशाला एकही मिळालं नाही. युक्रेननेही मागितलं, मिळालं नाही. भारतीय ए-१० चं मॉडेल खूप जण बनवतात, लडाखचे डोंगर मागे लावून, दिसतं सुंदर. मला ते पटत नाही, स्पष्टच सांगतो. हे विमान हळू आहे, वर आकाश आपल्या ताब्यात असेल तरच टिकतं, आणि ते दुसऱ्या कोणाकडेच नसल्यामुळे स्पेअर मागायला दुसरं दार नाही. आपल्या जॅग्वारसाठी फ्रान्सने त्यांच्या निवृत्त जॅग्वारचे सांगाडे दिले, ओमानसारखे जुने वापरणारे होते. एकट्याचं विमान घेणं म्हणजे ज्या गाडीचा शोरूम एकच आणि तोही समुद्रापलीकडे, अशी गाडी घेणं. भारतासाठी ए-१० पेक्षा सुखोई-२५ कितीतरी जास्त शक्य होतं, रशियाशी व्यवहार रुपयात आणि ओळखीतला, पण आपण त्या जागी नाशिकला मिग-२७ बनवली आणि ती २०१९ पर्यंत चालवली.

आणि २०२२ मध्ये तर हा खेळ आमच्या डोक्यावर खराच झाला. हंसा तळावर किनाऱ्यालगत जमिनीवरच एक स्की जंप बांधलेली आहे, म्हणजे पुढे वर वळलेली धावपट्टी, विमानवाहूच्या डेकसारखी, बोटीवर जायच्या आधी सराव आणि चाचण्या तिथे होतात. आपल्या नेव्हीला नवीन विक्रांतसाठी विमान हवं होतं, तर जानेवारीत फ्रान्सचं रफाल मरीन आलं आणि मे-जूनमध्ये अमेरिकेची दोन सुपर हॉर्नेट. अमेरिकेच्या बोटींवर कॅटापल्ट असतं, त्यांना स्की जंपची सवय नाही, म्हणून ते इथून उडून दाखवायला आले. काही आठवडे सुपर हॉर्नेट भारतीय नेव्हीचं होऊ शकणारं विमान होतं, आणि मी घरी बसून त्याला आपले रंग कसे दिसतील त्याचं चित्र काढत होतो. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये करार झाला रफालचा, २६ विमानं, २२ एका सीटची आणि ४ दोन सीटची. रफालचे पंख दुमडत नाहीत, डेकवर जागा जास्त खातात, हा तोटा डोळ्यांना दिसणारा. पण एअर फोर्सकडे ३६ रफाल आधीच आहेत, म्हणजे स्पेअर, ट्रेनिंग, मेकॅनिक सगळं निम्मं तयार, आणि माझ्या मते पारडं तिथेच झुकलं.

तर भाच्याचं काय झालं. म्युझियममधून परत आल्यावर त्याने माझ्या कपाटातलं स्कायहॉकचं किट बाहेर काढलं, म्हणाला मामा आपण हेच विक्रांतचं करू. मे संपला, पाऊस लागला, आणि पावसाळ्यात इथे मॉडेल म्हणजे संयमाचं काम, हवा इतकी दमट की लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, मारलं की वर पांढरट धुकं बसतं, रंग तीन दिवस ओलाच. वर गडद राखाडी रंग, नाकाजवळ सी हॉक उडवणाऱ्या ३०० स्क्वाड्रनचा पांढरा वाघ, तो डेकल, म्हणजे चिकटवायचं चिन्ह, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवताना त्याच्या बोटाला चिकटला आणि शेपूट थोडी वाकडी झाली, तशीच ठेवली. साल ठरवलं डिसेंबर १९७१.

मग तो सहा बॉम्ब घेऊन बसला लावायला. मी त्याला बॉयलरचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, व्हेंतिसिंको दे मायोचं सांगितलं. त्याने बराच वेळ विचार केला, वहीत काहीतरी बेरीज केली, आणि चार बॉम्ब परत डबीत ठेवले. पोटाखाली इंधनाची एक टाकी आणि पंखांखाली दोनच बॉम्ब, असं ते स्कायहॉक आता शोकेसमध्ये सी हॉकच्या शेजारी उभं आहे.